बोटभर धूळ

जर्मनीतल्या गेर्लिंगेन गावच्या त्या इमारतीत जिना झाडायची प्रत्येक घराला आठवड्याची पाळी असते, आणि समोरच्या वांजिरूमावशीची पाळी झाली रे झाली की मुक्ताची आई पायऱ्यांवर बोट फिरवून धूळ बघते. मावशी मूळची केनियाची. आफ्रिकी लेखकांच्या कथास्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा मुक्ता आधी घरभर नाचली आणि मग एकदम थबकली. कारण कथेत बोटाने धूळ बघणारी एक खडूस शेजारीण होती, आणि तिचे सगळे डायलॉग मुक्तानेच पुरवले होते.

आईने मोबाइलवर कथा शेवटपर्यंत वाचली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग शिऱ्याचा डबा घेऊन तिने सरळ समोरची बेल दाबली. मुक्ता जीव मुठीत धरून मागे उभी.

"अभिनंदन," आई मावशीला म्हणाली. "पण कथेत एक चूक आहे."

"कुठली?" मावशीचा आवाज एवढासा झाला.

"तुझी शेजारीण नुसत्या पायऱ्या बघते." आईने जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि मावशीच्या नाकासमोर धरलं. "मी हेसुद्धा बघते. पुढच्या कथेत घाल."