वस्तीचं एकमत

बैठक भरायच्या आधी मंगलनं प्राचीला घरामागं ओढून नेलं. मंगलला सातवा महिना होता.

"ताई, तुमी समद्यांना एकेकट्याला इचारलं ना? काय म्हनले?"

"ते सांगता येत नाही गं. तसा शब्द दिलाय आम्ही."

"निदान आमच्या ह्यांनी काय सांगितलं?"

प्राची निघायला वळली. मंगलनं तिचा हात सोडला नाही. "गेल्या पावसात होडीतच बाळंत झाले मी. पल्याड पोचेस्तवर पोरगी गेली. ह्या खेपंला मला खाली जायाचंय, ताई. तिथं दवाखाना रस्त्याला हाय."

खाली म्हणजे धरणाच्या खालच्या अंगाला, आळे गावाच्या बाजूला. धरणाचं पाणी चढलं तशी ही वस्ती डोंगराच्या अंगानं वर सरकली होती. भातखाचरं बुडाली, रस्ता बुडाला, आता दळणापासून दुखण्यापर्यंत सगळं होडीवर. उशिरा का होईना, सरकारनं कालव्याखालची जमीन देऊ केली होती. अट एकच, जायचं तर अख्ख्या वस्तीनं. होय की नाही ते आज सांगायचं होतं आणि उत्तर न्यायला पुनर्वसन ऑफिसचा क्लार्क येऊन बसला होता.

पुण्याची मंडळीही त्यासाठीच आली होती. जन्मभर मुंग्यांवर काम केलेले परचुरे सर, कॉम्प्युटरवाला ऋषी आणि मानसशास्त्राची प्राची. दहा डोकी एकत्र बसली की एकट्यापेक्षा शहाणी होतात का, असा त्यांचा अभ्यास. विषय काही वाईट नव्हता. सकाळी त्यांनी घरटी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तर प्रत्येकानं आवाज खाली करून तेच सांगितलं. मला जायाचंय, पन बाकीच्यांचं मन न्हाई, माझ्यापायी वस्ती मोडाया नको. म्हाताऱ्या कुशाबानंसुद्धा हेच सांगितलं.

"बैठकीत येईलच वर," सर म्हणाले होते. "मुंग्यांनासुद्धा वाट सापडते."

बैठक देवळापुढं बसली. कुशाबा सगळ्यांत थोरला. पण थोरल्यानं आधी आपलं मन सांगायचं नाही, वस्ती बोलेल ते शेवटी बोलून दाखवायचं, अशी इथली रीत. आणि वस्ती बसली होती थोरल्याच्या तोंडाकडं बघत. आता काय करता.

"बोला की," कुशाबा म्हणाला.

कुणी तंबाखू मळली, कुणी काडीनं माती उकरली.

तेव्हा बायकांतून मंगल उठली. बैठकीत बाईनं बोलायचं नसतं, हे काय तिला ठाऊक नव्हतं? "मला जायाचंय," ती म्हणाली. "माझं एक गेलंय. दुसरं जाऊ द्यायचं न्हाई मला."

एवढ्यावर कुणीतरी 'खरं हाय' म्हणायचा अवकाश होता. पण सगळ्या माना तिच्या नवऱ्याकडं, जानकूकडं वळल्या आणि जानकूचे कान तापले. सकाळी हाच जानकू प्राचीपुढं डोळे पुसून म्हणाला होता, "इथनं निघाया पायजे, ताई. मला त्या होडीकडं बघवत न्हाई."

"बाईमानसाचं काय मनावर घेता," जानकू म्हणाला. "वस्ती हितं तर आमी बी हितं."

झालं. एकानं मान हलवली, मग दुसऱ्यानं. जो तो शेजाऱ्याचं मन राखायला लागला.

"वस्ती हितंच ऱ्हाती म्हना," कुशाबा म्हणाला. त्याचा आवाज कापला. क्लार्कला वाटलं, वयानं असेल.

मंगलनं जानकूकडं पाहिलं नाही. ती प्राचीकडं बघत राहिली आणि प्राचीनं मान खाली घातली.

परतीच्या होडीत क्लार्क पुढं पाय लांब करून बसला. तिघं मागं बसले. काठ सुटला तेव्हा कुठं सर बोलले.

"मला वाटलं, तुम्ही सांगाल. बायकांशी तुमचं जमलं होतं."

"मी तुमची वाट बघत होते, सर."

"मी उठणारच होतो," ऋषी म्हणाला. "पण तुम्ही दोघं गप्प. म्हटलं, काहीतरी कारण असेल."

नावाड्यानं मान वळवली. "काय सांगायचं व्हतं?"

"सगळ्यांनाच जायचं होतं," प्राची म्हणाली.

"समद्यांना?" त्यानं वल्ही पाण्याबाहेर काढली. "कुशाबाला बी?"

"कुशाबांना पण."

क्लार्कनं पाय आखडून घेतले. तसा माणूस बरा होता. "हे बघा, अजून मी ऑफिसात पोचलेलो नाही. आत्ता फिरलो तर उत्तर बदलता येईल. एकदा साहेबांच्या पुढ्यात गेलं की मग आपल्या हातात काही नाही."

"मंग फिरवू का?" नावाड्यानं विचारलं.

काठ अजून दिसत होता. बैठक उठली होती, मंगल मात्र तिथंच उभी होती. आता परत जायचं म्हणजे तिच्या समोर उभं राहायचं, आणि ती पहिलंच विचारणार, मघाशी का बोलला न्हाई. प्राचीला वाटलं, हे सरांनी सांगायला हवं. सरांनी ऋषीकडं पाहिलं. ऋषी पाण्यात बघत होता.

नावाडी बराच वेळ वल्ही धरून थांबला. मग ऊन उतरायला लागलं, तशी त्यानं होडी पुढं काढली.