शेवटी ‘टू’

सर्जेराव सर स्वतःच्याच दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभे होते. दार उघडंच होतं.

"चावी हरवली का, सर?" समोरच्या द्वारकाबाईंनी विचारलं.

"नाही. शिक्षा चालू आहे."

द्वारकाबाईंनी जास्त खोदलं नाही. मास्तर लोकांचं काही सांगता येत नाही. त्या मेथी निवडत बसल्या.

शिक्षा सरांनीच काढलेली. इंग्रजी वाक्य ‘टू’, ‘विथ’, ‘फ्रॉम’ असल्या शब्दावर संपवलं, की त्यांच्या वर्गात पोरगं बाहेर. आणि बाकावरचं दुसरंही बाहेर, त्याची काही चूक नसताना. "एकट्याला उभं केलं की फार लागतं रे," सर म्हणायचे. त्यामुळं पोरं बाकावरचा जोडीदार पारखून घ्यायची.

सर निवृत्त झाले. मग त्यांच्या अंबिकाबाई गेल्या. जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर चुका काढण्यात दिवस बरा जायचा, पण हल्ली चुका फोनच सुधारतो. सरांना कुणी चूक म्हणून शिल्लक ठेवली नाही.

म्हणून आज सकाळी त्यांनी ग्रुपवर स्वतःच एक केली. ‘आय हॅव नो वन टू टॉक टू.’ बोलायला मला कुणीच नाही. शेवटचा ‘टू’ मुद्दाम ठेवला. कुणीतरी टोकेल, त्या निमित्तानं चार शब्द होतील.

दुपारपर्यंत सगळ्या ग्रुपनं हात जोडले. एकानं घाईघाईत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली. चूक कुणीच काढली नाही. सरांची चूक काढणार कोण? मग सर नियमाप्रमाणं बाहेर येऊन उभे राहिले.

उन्हं कलली तशी दारात रिक्षा थांबली. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीचा गणवेश घातलेली सत्यभामा उतरली. सरांच्याच वर्गातली, आता दोन लेकरांची आई. तिनं सरांकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं.

"शिक्षा का?"

सरांनी मान हलवली. तिनं डबा खाली ठेवला आणि शेजारी भिंतीला टेकली.

"अगं, तू कशाला?"

"बाकावरचं दुसरं लागतं ना. काकू नाय, म्हणून मी."

सरांनी सरकून तिला भिंतीशी जागा करून दिली.

"चूक तरी सापडली का?"

"सापडली की. म्हणून तर घरी न जाता इकडं आले."

"शेवटचा ‘टू’."

"‘टू’ राहू द्या, सर. ‘नो वन’ तेवढं चुकलंय."