कपाटातलं घड्याळ

नवरा गेल्यापासून वैजयंतीबाई घरात एकट्याच राहत. त्याचं महागडं घड्याळ त्यांनी नवी पेठेतल्या घड्याळजीपुढे ठेवलं. "वर्षभर कपाटात पडून आहे, पण एकदाही थांबलं नाही. एवढं काय आहे हो यात?"

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. "लई भारी घड्याळ आहे, काकू. सेल नाही, चावी नाही. घालणाऱ्याच्या हाताच्या हालचालीवर चालतंय. काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद पडतंय. रोज कोण घालतं?"

"घरात दुसरं कोणी नाहीच."

त्याने घड्याळ उलटं केलं. चामडी पट्टा आतून घामाने ओला होता.

"उघडून बघू का?"

वैजयंतीबाईंनी ते घाईघाईने मुठीत घेतलं. "नको हो. थांबलं तर?"