जिप्सोफिलाला पाणी कमी

"परत काही नाही!" बाबा कुंडीवर वाकून म्हणाले. "एक कोंब म्हणून नाही. माती नुसती मख्ख बसलीये."

लेक चहाचा कप घेऊन गॅलरीच्या दारात उभी होती. तिने चेहरा जमेल तितका पाडला.

"अरेरे! परत बी कुजलं वाटतं?"

"दुसरं काय होणार? आता जावं लागेल पुन्हा बियांच्या दुकानात, बाईंकडे. खा आणखी बोलणी!"

असं म्हणून बाबांनी चपला पायात सरकवल्या आणि शीळ घालत जिना उतरले. बोलणी खायला निघालेला माणूस कधी शीळ घालतो का हो? लेकीने नेमकं हेच हेरलं होतं, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली होती.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने जागेवर बसवणारा माणूस, पण झाडाझुडपांशी जन्मात संबंध नाही. लेकीचं लग्न ठरलं आणि त्यांनी जाहीर करून टाकलं, "तुझ्या हातातल्या गुच्छात जिप्सोफिला असेल ती आपल्या गॅलरीतली. विकतची नाही." जिप्सोफिला म्हणजे गुच्छात गुलाबांच्या मागे पांढऱ्या ठिपक्यांचा धुरळा दिसतो ना, ती.

आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात दोघंच. लग्नानंतर लेक जाणार लांबच्या शहरात, म्हणजे मागे उरणार बाबा आणि भिंतीवरची घड्याळं.

बाबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून बियांचं पहिलं पाकीट आणलं, त्या संध्याकाळी ते चक्क गुणगुणत होते. दुकान चालवणाऱ्या बाई एकट्याच राहायच्या. तोंडाने फटकळ, पण हसल्या की समोरचाही हसायचा. "बाई म्हणतात, जेवढं ऊन तेवढं चांगलं," बाबा सांगत होते. "बाई म्हणतात, माती भारी नको, चिमूटभर चुना मिसळा. आणि पाणी हात आखडून! जास्त झालं की संपलं."

बाई म्हणतात, बाई म्हणतात. लेकीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बी उगवलं, तर बाबांना त्या दुकानात जायचं कारणच उरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले आणि लेकीने प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं. मग रोजच ओतायला लागली. कुंड्यांचा नुसता चिखल झाला. बी उगवेना, बाबा नवीन पाकीट आणायला दुकानात, परत आले की "बाई म्हणतात" सुरू, आणि लेक मनातल्या मनात खूश.

पण गाडी पुढे सरकेना! लग्न जवळ आलं तरी बाबांच्या बोलण्यात आपला चुना आणि ऊन. आपल्या हाताने आपल्याच गुच्छाचं वाटोळं चाललंय, हे लेकीला कळत होतं. जाऊ दे गुच्छ, पण निदान काहीतरी घडायला नको?

"बाबा, बाईंना एकदा चहाला बोलवा की."

"त्या कशाला येतील? दुकान कोण बघणार?"

हे भगवंता, लेकीने कपाळावर हात मारून घेतला.

आणि मग एका दुपारी जेवताना बाबा सहज म्हणाले, "उद्यापासून बियांच्या दुकानात जाणं बंद. पुरे झाल्या पेरण्या."

लेकीने हातातला घास ताटात ठेवला. म्हणजे बाईंनी झिडकारलं यांना! मातीतलं काही कळत नाही असा वेंधळा म्हणून! आणि वेंधळं ठरवलं कुणी? आपण! जेवण अर्धवट टाकून ती तडक दुकानात गेली.

बाई पाकिटांत बी भरत होत्या.

"काकू, आधी ऐकून घ्या," ती एका दमात म्हणाली. "बाबांची काही चूक नाही. तुम्ही सांगितलंत तेवढंच पाणी घालत होते ते. वरून रोज तांब्याभर मी ओतत होते."

बाईंचा हात थांबला. "त्या गॅलरीतल्या कुंड्यांत?"

"हो."

"रोज?"

"रोज."

बाईंनी चष्मा काढला, तोंडाला पदर लावला आणि अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. लेकीला राग यावा की रडू, कळेना.

"ये, मागे ये," बाई म्हणाल्या.

दुकानाच्या मागे लहानसं अंगण होतं. तिथे भिंतीलगत कुंड्यांच्या दोन लांबलचक रांगा, आणि प्रत्येक कुंडीत जिप्सोफिला नुसती फसफसून फुललेली. पानं दिसत नव्हती, इतकं पांढरं.

"कुणी लावली ही?"

"तुझ्या बाबांनी. पहिलं पाकीट तेवढं घरी पेरलं होतं, ते तू बुडवलंस. पुढच्या पाकिटांतलं बी तुमच्या गॅलरीत पडलंच नाही. सगळं इथे."

"म्हणजे मी एवढे दिवस नुसत्या मातीला पाणी घालत होते?"

"घालत होतीस खरी! अगं, घरी फुललं असतं, तर रोज इथे यायला काय सांगितलं असतं तुला? लेक काय म्हणेल, या धास्तीनेच माणूस अर्धा झाला होता. आज संध्याकाळी सगळं सांगणार आहेत तुला, म्हणून तर पेरण्यांचं सोंग बंद. मी बोलले असं म्हणू नकोस."

लेक मटकन पायरीवर बसली. हसू आवरेना, आणि डोळे भरून आले तेही आवरेना. जरा वेळाने तिने नाक पुसलं आणि पुन्हा त्या रांगांकडे पाहिलं.

"पण काकू, एवढी फुलं? माझा गुच्छ होऊन ढीगभर उरतील की!"

"उरतात कसली?" बाई कुंडीतली एक वाळकी काडी खुडत म्हणाल्या. "अलीकडची रांग तुझ्या लग्नाची. पलीकडची आमच्या."