बोर्ड सोडला

वही कोरडी होती. बाईंनी पानं पुन्हा उलटून पाहिली. पाण्याचा एक डाग नाही, चिखलाचं एक बोट नाही. आणि शेवटची नोंद बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: "४.२०. पाणी दाराशी. बोर्ड सोडला. तीन दिवे लागलेले आहेत."

फोन जोडायच्या बोर्डावर दिवा लागलेला म्हणजे पलीकडे कोणीतरी फोन धरून बसलेलं. अभिलेखागाराच्या वाचनकक्षात डोक्यावर पंखा गरगरत होता, तरी बाईंना घाम फुटला.

अठ्ठावन्न वर्षांपूर्वीच्या पुराच्या दुपारची, टेलिफोन एक्स्चेंजची ही नोंदवही. त्या पुरावर एक कविता आहे, सातवीच्या पुस्तकात. एकोणीस वर्षांची ऑपरेटर वस्त्यावस्त्यांना फोन करून सावध करते, पाणी गळ्याशी आलं तरी जागा सोडत नाही आणि शेवटी इमारतीसकट वाहून जाते. बाईंनी ती कविता शाळेत बावीस वर्षं शिकवली होती. शेवटचं कडवं त्या पुस्तक मिटून म्हणायच्या आणि मागच्या बाकावरच्या व्रात्य पोरीही गप्प व्हायच्या.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंनी रजा घेऊन पदव्युत्तर वर्गात नाव घातलं. देशाचं वाङ्मय आणि त्याचा इतिहास एकत्र शिकायचा अभ्यासक्रम. सकाळी कवितेचे सर, दुपारी इतिहासाच्या मॅडम. "दोन घरचा पाहुणा उपाशी," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. प्रबंधाला बाईंनी आपली लाडकी कविताच घेतली. इतिहास काय, पुराची तारीख आणि पाण्याची पातळी, तळटिपांपुरता, असं वाटलं होतं.

वहीची प्रत पाहून सर खुर्चीतून उठलेच. "कवितेचा पंचनामा करायचा नसतो, बाई. पिढ्या घडल्यात त्या मुलीवर."

मॅडमनी आधी चष्मा पुसला. "कागदात काय लिहिलंय ते नंतर. आधी विचारा, तो इथवर आला कसा? इमारत वाहून गेली ना? मग वही कोरडी कशी?"

तो प्रश्न बाईंच्या डोक्यात माशीसारखा घोंगावत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी अभिलेखागाराचं आवक रजिस्टर मागितलं. वही एकतीस वर्षांपूर्वी कोणा गृहिणीने आणून दिली होती. नाव वेगळं, आडनाव वेगळं. पण वही देणारीने पत्ता स्वतःच्या हाताने लिहिला होता. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. इतकी वर्षं वह्या तपासलेल्या नजरेला अक्षर चुकत नाही. बाईंनी रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं.

ती मुलगी त्या दुपारी मेली नव्हती.

पत्ता बसने दोन तासांवरचा. वाटेत बाईंनी दहा वेळा ठरवलं आणि दहा वेळा मोडलं. अखेर बेल वाजवली.

दार उघडलं ते सत्त्याहत्तर वर्षांच्या, ताठ कण्याच्या आजींनी. हातात वाटाणे सोलायची परात. बाईंनी आत बसल्यावर वहीची प्रत नुसती पुढे ठेवली.

आजींनी चष्मा लावला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"अकरा वस्त्यांना फोन लावले," त्या म्हणाल्या. "मग पाणी पायाला लागलं. थंडगार. आणि मी पळाले. ही वही काखेत तशीच राहिली. मावशीच्या गावी पोचले, तोवर मेलेल्यांच्या यादीत माझं नाव आलं होतं. वडील गुपचूप भेटायला आले. पोटाशी धरून रडले आणि म्हणाले, गावाने तुझ्यासाठी रडून घेतलंय, पोरी. आता परत आलीस तर तोंडावर थुंकतील. पुढच्या वर्षी ती कविता आली. मग तर सगळंच संपलं."

"घरी कोणाला ठाऊक आहे?"

"नवऱ्याला सांगितलं होतं. ते गेले. मुलाला, नातीला नाही." आजी किंचित हसल्या. "नातीला कविता पाठ होईना. मग मीच समोर बसून घोकून घेतली. अडली की पुढचा शब्द मी सांगायची."

या वयात हिला चव्हाट्यावर आणायचं? आपल्या एका पदवीसाठी? नातीसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर? बाईंनी प्रत उचलली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. मॅडमना काय सांगायचं ते बसमध्ये बघू.

"आजी, तुम्ही काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "यातलं एक अक्षर मी लिहिणार नाही. ती वही आहे तिथे पडून राहील. कोणाला काही कळणार नाही."

आता आजी डोळे पुसतील, हात हातात घेतील, असं बाईंना वाटलं. पण आजींचा चेहरा पार उतरला.

"पडून राहील?" त्या म्हणाल्या. "अगं, वडील गेले त्याच महिन्यात मी ती तिथे नेऊन दिली. खरा पत्ता लिहिला, कोणालाही वाचता येईल असा. मुलगा केव्हाचा मोठ्या घरात चल म्हणतोय, तरी मी हे घर सोडलं नाही. मला वाटलं होतं, पुढच्याच आठवड्यात कोणीतरी येईल."