बाईचा पाय

गिअरबॉक्स दुसऱ्यांदा खाली उतरवायला घेतला, तेव्हा कुंपणापाशी जमलेली माणसं हसली. टेम्पोखाली पाठीवर पडलेल्या हंसाने ते ऐकलं आणि तोंडात गेलेली माती थुंकून टाकली.

चूक तिचीच होती. नवी क्लच प्लेट तिने उलटी बसवली होती. सगळं जोडून इंजिन सुरू केलं, तर गिअर पडेचना, नुसता करकरत राहिला.

"बोललो व्हतो मी," ओटीवरून अण्णा म्हणाले. "बायका क्लचवरचा पायच उचलत नाय. मग जळणार नाय तर काय? पायानं क्लच जाळला, आता हातानं गाडी मोडा."

अण्णा तिचे सासरे. जन्मभर तांडेल, होडी हाकणारे. वय झालं, समुद्र सुटला, तेव्हा त्यांनी टेम्पो हाती घेतला. पहाटे बंदरावरून मासळी चिंचणीला घरी आणायची त्यांनी, आणि पुढे बोईसरच्या बाजारात न्यायची हंसाने. तिचा नवरा प्रफुल्ल होडीवर. गेल्या आठवड्यात पुलाच्या चढावर टेम्पोला जळका वास आला. इंजिन ओरडत होतं, चाकं ओढ घेत नव्हती. दोष कुणाचा, हे कुणी विचारलंही नाही. अण्णांनी परस्पर ड्रायव्हर ठरवून टाकला.

"ड्रायव्हर कशाला?" हंसा म्हणाली होती. "क्लच मी घालते. गाडी चालली तर चावी माझी."

"आन् नाय चालली तर?"

"तर परत चावीला हात लावणार नाय."

बोईसरला प्लेट घ्यायला गेली, तर दुकानदार तिच्या मागे बघत म्हणाला, "भाभी, मिस्त्री किधर है?"

"सामने खडी है," ती म्हणाली. तो हसला. कुठली बाजू कुठे बसवायची, ते सांगायच्या भानगडीत पडला नाही.

आता तिने मोबाइलवरचा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी प्लेट हातात धरून, बाजू ताडून बघितली. ती मधोमध बसावी म्हणून तासलेली लाकडी खुंटी पुन्हा आत घातली. वर केबिनमध्ये सासू, सोजराबाई, दोर धरून बसली होती. गिअरची दांडी काढलेल्या भोकातून तो दोर खाली आला होता, आणि त्याला गिअरबॉक्स टांगलेला होता. होड्या ओढून घट्टे पडलेले हात ते. दोर कसा धरायचा हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

"आय, हात दुकले काय?"

"दुकले. तू बोल्ट लाव."

उन्हं कलली तेव्हा शेवटचा बोल्ट बसला, गिअरची दांडीही परत जागेवर आली. हंसा सरपटत बाहेर आली. चेहरा काळा, कोपरं सोललेली. ती हात पुसते तोच अण्णा ओटीवरून उतरले आणि चावी घेऊन सीटवर जाऊन बसले.

"मी बघतो आदी."

इंजिन सुरू झालं. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. टेम्पो हलला, आणि कुंपणापाशी कुणी हसलं नाही. सोजराबाईने केबिनमधूनच सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

हंसा उघडं दार धरून टेम्पोबरोबर चालू लागली. चाकांकडे तिचं लक्षच नव्हतं. ती अण्णांच्या डाव्या पायाकडे बघत होती. गाडी चालू लागली, अंगण ओलांडून वाटेला लागली, तरी तो क्लचवरून उठला नव्हता. अंगठा मुडपून, हलकेच, निर्धास्त टेकलेला होता. हा पाय असा टेकलेला तिने पूर्वी पाहिला होता. लग्न होऊन आली तेव्हा, किनाऱ्यावर उभी राहून. होडी आत येत होती, अण्णा ताठ उभे, दोन्ही हात मोकळे, आणि पायाखाली सुकाणूचा दांडा. त्या दांड्यावरचा पाय निघाला, की होडी भरकटते.

"अण्णा, थांबा."

टेम्पो थांबला. "काय झालं? घसरतो काय?"

"नाय." हंसाने चावीसाठी हात पुढे केला. "ही होडी नाय, अण्णा. पाय काडा, आन् खाली उतरा."