पथ्याचं सूप

तो पडला ट्रकड्रायव्हर, महिनोन्‌महिने घराबाहेर. गाउटने पायाचा अंगठा टम्म सुजला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मटण, कलेजी, बिअर सगळं बंद. यूरिक अ‍ॅसिड उतरलं की खुशाल गाडी चालवा."

त्याने जिभेचे चोचले बंद केले. बायको करून देईल ते भाज्यांचं सूप निमूट पीत राहिला. तरी रिपोर्ट वाढूनच यायचा आणि डॉक्टर डाफरायचे, "चोरून खाताय तुम्ही!"

एका दुपारी तो लंगडत स्वयंपाकघरात गेला. बायको त्याच्या सूपमध्ये कलेजी उकळलेलं पाणी ओतत होती.

"अगं, डोळे मिटून तुझ्या हातचं खाल्लं, आणि तूच माझ्या मुळावर उठलीस?"



तिचे डोळे भरून आले. "पाय बरा झाला, की तुम्ही पुन्हा निघून जाल ना!"